अंगातला उन्हाळा

आपल्या आदिलाबादचा उन्हाळा जितका प्रसिद्ध, तितकीच थंडीही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली उतरतो. तेलंगणातल्या कडाक्याच्या थंडीची बातमी आली, की तिच्यात आपल्या जिल्ह्याचं नाव हमखास असतं. अशाच एका डिसेंबरच्या रात्री, अडीचच्या सुमाराला, मी उठून पंखा लावला. हे रजईतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "अगं, काय वेड लागलंय का?" त्यांचंही बरोबरच होतं. माझा गाऊन पाठीला चिकटला होता, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि छाती धडधडत होती. पाच मिनिटांनी तोच घाम गार पडला आणि मी दात वाजवत पंखा बंद केला. तेवढ्यात यांना पुन्हा झोप लागली होती. मला मात्र साडेचारपर्यंत लागली नाही.

उन्हाळ्यात हे कळलंच नव्हतं. आपल्याकडे मार्च ते जून सगळ्यांनाच घाम येतो, सगळेच रात्री कूस बदलतात. वर्गात फळ्यावर लिहिताना कान तापायचे, तेव्हा 'आज ऊन जास्त आहे' असं मीच मुलींना सांगत असे. आदिलाबादेत राहण्याची ही एक गंमत, की सहा महिने बाईच्या अंगातला उन्हाळा बाहेरच्या उन्हाळ्यात लपून जातो. थंडी पडली की मग चोर सापडतो.

सकाळी सासूबाईंनी चहाचा कप हातात घेता घेता माझ्याकडे बघितलं. त्यांना घरात सगळे अव्वाच म्हणतो. माहेर-सासर दोन्ही भालकीकडचं. लग्नाला साठ वर्षं होत आली, पण मनातलं काही बोलायचं झालं की अजून कानडीच. हळूच म्हणाल्या, "निनगू शुरू आय्तेनु?" तुलाही सुरू झालं का! रात्री पंख्याचा आवाज त्यांच्या खोलीपर्यंत गेला होता.

मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. पंचेचाळिशी उलटली असेल तेव्हा. भालकीचा मोठा वाडा, चार जावा, झोपायला सगळ्या बायका एका खोलीत. रात्री अंगाची आग व्हायला लागली की या उठून विहिरीच्या दगडावर जाऊन बसायच्या, पदर ओला करून मानेवर धरायच्या. कुणीतरी पाहिलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, हिला 'गाळी' लागली. म्हणजे बाहेरचं काहीतरी. दर्ग्यावरून दोरा आणून दंडाला बांधला. सासऱ्यांनी रात्री विहिरीकडे जायचं बंद केलं. "आणि मग?" मी विचारलं. "मग काय, मै उरीतदव्वा म्हणायचं आणि भिंतीला पाठ लावून बसायचं. भिंत गार असायची." असं किती वर्षं चाललं? त्यांनी बोटं मोजली. सहा तरी.

मी भाषा शिकवते, त्यामुळे अव्वा बोलत होत्या तेव्हा माझं अर्धं लक्ष शब्दांकडे होतं. आपल्या घरांत निदान दोन भाषा नांदतात, बाजारात तिसरी. उष्णतेसाठी कानडीत किती शब्द! बाहेरचं ऊन ते बिसिलु, घुसमटवणारा उकाडा तो सेके, आणि अंगाची आग ती उरी. पाळी कायमची थांबण्याला कानडीत ऋतुबंध म्हणतात, आपण मराठीत रजोनिवृत्ती. बाई जणू सरकारी नोकरीतून निवृत्त झाली आणि उद्यापासून तिला पेन्शन सुरू होणार! (तसं असतं तर किती बरं झालं असतं.) पण या अवचित येणाऱ्या लाटेला, डॉक्टर ज्याला हॉट फ्लॅश म्हणतात त्याला, मराठीत घरगुती असा एक शब्द नाही. कुणी म्हणतं अंगातून वाफा निघतात, कुणी जीव घाबरा होतो, कुणी नुसतंच 'कसंतरी होतं'. तेलुगूत मात्र नेमका शब्द आहे, वेडि आविर्लु, म्हणजे गरम वाफा. आपल्या शेजारणी तो सर्रास वापरतात. आपणही खुशाल उचलावा.

शब्दाचा एवढा आग्रह कशासाठी, ते पुढे सांगते. आधी हे होतं कसं ते पाहू.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग असतो. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याच्या कामांपैकी एक. थोडं वर, थोडं खाली झालेलं तो एरवी चालवून घेतो. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी व्हायला लागलं, की त्याची ही सहनशक्ती संपते. काही मज्जापेशींवर इस्ट्रोजेनचा जो लगाम असतो तो सुटतो, त्या उगाचच चेकाळतात आणि शरीर तापलंय अशी वर्दी देतात. मग एक जादा रजई, गरम चहाचा एक कप, एवढ्या निमित्तानेही मेंदू 'थंड करा, थंड करा' असा हुकूम सोडतो. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती-मान-चेहरा लाल होतो, ठोके वाढतात, घाम फुटतो. शरीर खरंच थंड होतं, गरजेपेक्षा जास्त, म्हणून मागून हुडहुडी भरते. सगळा खेळ दोन-पाच मिनिटांचा. दिवसा झाला तर लाट, झोपेत झाला तर भिजलेली उशी. यात नाटक नाही, डोक्याचा बिघाड नाही आणि गाळी तर नाहीच नाही.

भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास. या वाफा बहुतेकींना पाळी अनियमित होऊ लागते तेव्हापासूनच सुरू होतात. किती दिवस? 'वर्षभरात जाईल' असं बरेच जण सांगतात. अमेरिकेत हजारो बायकांच्या मागे वर्षानुवर्षं जाऊन केलेल्या एका अभ्यासाचे आकडे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना हा त्रास वारंवार होता, त्यांच्यात तो मध्यमानाने ७.४ वर्षं टिकला होता. अव्वांची बोटांवरची सहा वर्षं काही अतिशयोक्ती नव्हती.

काही जणींना मात्र काहीच होत नाही, हेही खरं. मार्शा फ्लिंट नावाच्या अमेरिकन संशोधिकेने राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलून १९७५ साली लिहिलं, की पाळीतल्या बदलाखेरीज या बायकांना फारसा काही त्रासच नाही. पाळी गेली की पडदा सुटतो, पुरुषांच्या बैठकीत बसता येतं, म्हणून त्यांना हे वय बक्षिसासारखं वाटतं, असा तिचा अर्थ. त्यातला अर्धा भाग मला पटतो. आपल्या घरांतही पाळी गेली की 'सुटले एकदाची' म्हणणाऱ्या बायका आहेत. देवघर, लोणच्याची बरणी, हळदीकुंकू, सगळीकडची दारं उघडतात. पण त्रासच नव्हता यावर माझा विश्वास बसत नाही. आमच्या अव्वांना त्या काळी कुणी परक्या बाईने विचारलं असतं, तर त्यांनीही 'काही नाही हो' असंच सांगितलं असतं. जपानमधल्या बायकांचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या पुस्तकात लिहिलंय, की तिथे या वाफांसाठी नेमका असा एक शब्दच नव्हता आणि बायका तक्रार करायच्या ती प्रामुख्याने आखडलेल्या खांद्यांची. आहार, शरीर यांचा फरक असेलच. पण ज्याला शब्द नाही ते सांगणार कसं, हाही प्रश्न आहेच.

आता आग्रहाचं कारण. आमच्या गल्लीत बेल्याकडची एक ताई भाजी घेऊन येते. कापसाच्या दिवसांत वेचणीला जाते, बाकी वर्षभर भाजी. वय ३८. जानेवारीतल्या एका सकाळी, मी शाल गुंडाळून मेथी निवडून घेत होते, तर तिने टोपली खाली ठेवली, तांब्याभर पाणी मागितलं आणि ते प्यायचं सोडून तोंडावर, मानेवर मारून घेतलं. मी म्हटलं, "ताई, एवढ्या थंडीत?" ती म्हणाली, "बाई, पिशवी काढली तवापासून असंच होते. आंगात भट्टी पेटल्यावानी. रातच्याला तर दोन दोन येळा पोलकं बदलावं लागते."

पिशवी काढली ती तेहतिसाव्या वर्षी. तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल असं सांगितलं आणि आठ दिवसांत ऑपरेशन. कर्ज काढलं, दोन शेळ्या विकल्या. कापूस वेचणारीला पाळीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, म्हणून 'कटकट गेली' असं तिलाही वाटलं. ही भट्टी त्या ऑपरेशनमुळेच असू शकते, हे पाच वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तापाच्या गोळ्या घेत होती, शक्तीचे सलाइन लावून घेत होती.

तिचं उदाहरण विरळा म्हणून सोडून देता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत गर्भपिशवी काढलेल्यांचं प्रमाण देशभरात ३.२ टक्के निघालं. तेलंगणात ७.७ टक्के आणि आंध्रात ८.९ टक्के. नदीपलीकडे महाराष्ट्रात २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अशा ऑपरेशनांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही होता आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना, अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक सूत्रं तीन महिन्यांत लागू करा, असं बजावलं.

गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कॅन्सर अशा कारणांसाठी हे ऑपरेशन जीवही वाचवतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण एक फरक प्रत्येकीला माहीत हवा. पिशवी आणि अंडाशय या वेगळ्या गोष्टी आहेत. इस्ट्रोजेन येतं ते अंडाशयातून. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण वाफा लगेच सुरू होत नाहीत. अंडाशयांचं काम मात्र इतरजणींपेक्षा थोडं आधी मंदावू शकतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर जे शेचाळिसाव्या वर्षी हळूहळू व्हायचं ते तेहतिसाव्या वर्षी एका दिवसात होतं, आणि वाफाही जास्त जोरात येतात. 'पिशवी काढली की वाफा थांबतील' असं एखादीला वाटत असेल, तर ते साफ चूक.

ताईला म्हटलं, दवाखान्याचे कागद आण. तिने पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, आणले. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं, 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' यातलं बी.एस.ओ. म्हणजे दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या. तिला हे माहीतच नव्हतं. सही (अंगठाच तो) तिच्या नवऱ्याचा. मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर कार्ड काढून ही तीन अक्षरं आहेत का तेवढं बघाच. चाळिशीच्या आत अंडाशयं गेलेल्या बाईला, कॅन्सरसारखी आडकाठी नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत बाहेरून संप्रेरकं द्यावीत असा आज वैद्यकाचा सर्वसाधारण सल्ला आहे. नाहीतर वाफांबरोबर हाडं आणि हृदय यांचंही नुकसान लवकर सुरू होतं.

संप्रेरकांच्या गोळ्या म्हटलं की लगेच 'त्याने कॅन्सर होतो' हे वाक्य येतं. ही भीती २००२ सालची. त्या वर्षी जुलैत अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. पुढे लक्षात आलं, की त्या प्रयोगातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर त्रास असलेल्या निरोगी बाईला फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आता मानतात. वाफांवर याहून गुणकारी औषध आजही नाही. पण ते मैत्रिणीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणायचं नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा विकार असेल तर हे चालत नाही. गर्भपिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागतं, नाहीतर पिशवीच्या अस्तराला धोका. ज्यांना संप्रेरकं चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या गोळ्या आहेत. त्या चेकाळलेल्या मज्जापेशींनाच आवरणारं, संप्रेरक नसलेलं एक औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूरही झालं. शतावरी, सोयाबीन यांचं नाव खूप घेतलं जातं, भरवशाचा पुरावा मात्र थोडा.

घरच्या घरी मी काय करते? सुती कपडे, एका जाड रजईऐवजी दोन पातळ पांघरुणं, म्हणजे एक फेकता येतं. उशाशी पाण्याचा तांब्या आणि एक कोरडा गाऊन. रात्रीच्या जेवणातला ठेचा बंद केला, त्याचं दुःख अजून आहे. संध्याकाळचा चहा कोमट. तंबाखू, मिश्री असेल तर तीही सोडावी, तिने वाफा वाढतात. आणि ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, चित्र काढून. आता पंखा लागला की ते न बोलता रजई डोक्यावरून घेतात. प्रगती आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. रात्रीचा प्रत्येक घाम पाळी जाण्याचाच असतो असं नाही. बरोबर संध्याकाळचा ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर क्षयाची तपासणी आधी. थायरॉइडनेही असा घाम येतो. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरकडे. तपासून घ्यायची लाज आपल्याला महाग पडते. प्राणहितेपलीकडच्या गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये जगाला दाखवलं, की ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आपल्या राज्यात ८ मार्च २०२३ ला 'आरोग्य महिला' नावाने निवडक सरकारी दवाखान्यांत दर मंगळवारी फक्त बायकांसाठी तपासणी सुरू झाली. तिच्या आठ सेवांमध्ये पाळी थांबतानाचा त्रासही आवर्जून घातलेला होता. आपल्या भागात मंगळवारी कुठे जायचं, ते आशाताईंना विचारा. २०२३ च्या डिसेंबरपासून बायकांना आर.टी.सी.च्या साध्या बसला तिकीटही पडेना, त्यामुळे ताईची 'भाड्याला पैसे नाहीत' ही सबब चालली नाही. मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि आम्ही दोघी झिरो तिकिटावर गेलो. आत जाण्याआधी तिला शब्द पाठ करायला लावला, कारण आजवर ती डॉक्टरांना 'अशक्तपणा' एवढंच सांगत आली होती. आत बसलेल्या डॉक्टर मॅडम तेलुगू. ताईने खुर्चीवर बसल्या बसल्या सांगितलं, "वेडि आविर्लु", आणि कार्ड पुढे केलं. मॅडमनी कार्ड वाचलं, चष्मा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "ऑपरेशन झालं तेव्हा तुझं वय किती होतं?" मग रक्तदाब, साखर, थायरॉइड, स्तनांची तपासणी असं सगळं करून पुढच्या खेपेला गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिने झाले. वाफा पूर्ण गेलेल्या नाहीत, पण रात्री पोलकं बदलावं लागत नाही, सलग चार-पाच तास झोप लागते, असं ती सांगते. परवा भाजी देताना तिने हे अव्वांनाही सांगितलं, मराठीतच. अव्वा बराच वेळ पालकाची जुडी हातात धरून बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आग यारू हेळलिल्ल." तेव्हा कुणी सांगितलं नाही.

हाडांबद्दल लिहायचं राहिलं. अव्वांचं मनगट मागच्या पावसाळ्यात नुसत्या उंबऱ्याला अडखळून मोडलं, तेही याच गोष्टीचं पुढचं पान. ते पुढच्या वेळी.